जत्रा, मैदान आणि अभिमान : महाराष्ट्रातील ‘प्राइड’चा इतिहास

१/ होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची यात्रा भरते. महाराष्ट्रभर विखुरलेल्या भटक्या जमाती येथे एकत्र येतात, म्हणून मढीला ‘भटक्यांची पंढरी’ म्हणतात. गाढवांचा बाजार भरतो, सोयरिकी जुळतात, वर्षभराची खुशाली कळते. ज्यांना कायमचे गाव नव्हते, त्यांचे वर्षातून काही दिवसांचे गाव म्हणजे ही यात्रा.

२/ आजचा धागा समलिंगी, तृतीयपंथी आणि एकूणच एलजीबीटी समुदायाच्या ‘प्राइड’वर, म्हणजे अभिमान यात्रेवर आहे. मग सुरुवात मढीपासून का? विखुरलेल्या माणसांना वर्षातून एकदा उघडपणे एकत्र का यावेसे वाटते, हे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याला नव्याने सांगावे लागत नाही, हे एक कारण. दुसरे कारण कायद्याच्या पुस्तकात आहे. या दोन्ही समूहांना इंग्रजांनी एकाच कायद्यात बसवले होते.

३/ तो कायदा म्हणजे १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याच्या पहिल्या भागाने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. हा भाग आपल्याला माहीत असतो. दुसरा भाग ‘युनक’ या शीर्षकाखाली हिजडा समुदायासाठी होता. पोलिसांनी संशयितांची नोंदवही ठेवायची आणि त्यांच्या मालमत्तेची माहिती घ्यायची. नोंदवलेली व्यक्ती रस्त्यावर स्त्रीवेशात किंवा दागिने घालून दिसली, लोकांसमोर नाचली किंवा तिने वाद्य वाजवले, तर तिला वॉरंटशिवाय अटक करता येई. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद.

४/ ही यादी लक्षात ठेवावी : वेश, दागिने, नाच, वाद्य, रस्ता. चोरी किंवा मारहाण यांना शिक्षा करणारी कलमे दंडसंहितेत आधीच होती. येथे उघड्यावर नटणे आणि नाचणे हाच अपराध ठरवला गेला. प्राइडची मिरवणूक पाहून ‘एवढे नटूनथटून रस्त्यावर येण्याची गरज काय?’ असे अनेक जण विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर या यादीत आहे.

५/ १८७१च्या कायद्याचा हा दुसरा भाग प्रामुख्याने उत्तर भारतात राबवला गेला. दख्खनमध्ये वेगळीच गोष्ट घडली. इतिहासकार लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७च्या एका निबंधात मुंबई इलाख्याच्या दप्तरातून ती मांडली आहे. मराठा राजवटीत हिजड्यांना ठरावीक गावांत भिक्षा मागण्याचा हक्क होता आणि काहींकडे इनाम जमिनीही होत्या. १८१८नंतर कंपनी सरकारपुढे प्रश्न आला : जुन्या राजवटीने दिलेले हे हक्क पाळायचे का? १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत सरकारचे उत्तर नकाराकडे झुकले. अशा हक्काला कायद्याचे पाठबळ देणे सरकारला अनैतिक वाटले.

६/ येथे थोडे सावध राहिले पाहिजे. भिक्षेचा हक्क म्हणजे समता नव्हे, आणि पेशवाई हा काही या समुदायाचा सुवर्णकाळ नव्हता. हिजडा परंपरा आणि आजची समलिंगी ओळख यांनाही एकच मानता येणार नाही. कागदपत्रांवरून निश्चित म्हणता येते ते एवढेच की, राज्यव्यवस्थेच्या दप्तरात या माणसांची हक्कदार म्हणून नोंद होती. पुढच्या काळात दप्तरात त्यांची नोंद झाली ती संशयित म्हणून.

७/ १८६०ची भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२पासून लागू झाली. तिच्या कलम ३७७ने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली. अहमदनगर जिल्ह्याच्या पूर्वेकडील सीमेपलीकडे निजामाचे राज्य होते. बीड, औरंगाबाद त्यातच होते. त्या हैदराबाद संस्थानाने १९१९ साली हिजड्यांची नोंदणी करणारा स्वतःचा कायदा केला. तो तेलंगणात पुस्तकात तसाच राहिला आणि तेथील उच्च न्यायालयाने थेट जुलै २०२३मध्ये घटनाबाह्य ठरवला.

८/ स्वातंत्र्यानंतर पहिल्या भागातील माणसे कायद्याने मुक्त झाली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला, आणि तो दिवस भटके-विमुक्त आज ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळतात. पोलिसी संशय त्यानंतरही संपला नाही, पण साजरी करायला निदान एक तारीख मिळाली. कलम ३७७ मात्र स्वतंत्र भारताच्या दंडसंहितेत जसेच्या तसे राहिले. त्याच्या छायेत जगणाऱ्यांना अशी तारीख मिळायला आणखी ६६ वर्षे लागली.

९/ मधल्या काळात ही माणसे दिसतच नव्हती का? दिसत होती, पण रंगमंचावर. संगमनेर तालुक्यातील पवळा हिवरगावकर यांच्यासारख्या स्त्रिया फडावर येण्यापूर्वी तमाशात स्त्रीभूमिका मुलगेच करीत. ‘नाच्या’ हे पात्र पुढे चित्रपटांतही गेले. गणपत पाटील यांनी ते इतके जिवंत केले की, प्रत्यक्ष आयुष्यात त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला टिंगल सोसावी लागली. बायकी पुरुष प्रेक्षकांना चालत होता, पण केवळ हसण्यापुरता. दिसणे आणि मान मिळणे यांत केवढे अंतर असते, हे त्यांच्या आयुष्यावरून कळते.

१०/ हे अंतर कमी करण्याचे काम मोर्चांच्या बरेच आधी, चार भिंतींत सुरू झाले. १९८१ साली विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने मराठी रंगभूमीवर स्त्रीवर प्रेम करणारी नायिका उभी केली. १९९०मध्ये पत्रकार अशोक राव कवी यांनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले. १९९४मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ आणि १९९५मध्ये समलिंगी व उभयलिंगी स्त्रियांचा ‘स्त्री संगम’ हा गट सुरू झाला. पुढे चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’ने समलिंगी मुलाच्या आईची घालमेल मराठी प्रेक्षकांपुढे ठेवली.

११/ यांपैकी कशालाही कोणी ‘उत्सव’ म्हटले नसते. पत्रे येत, उत्तरे जात, छोट्या खोल्यांत बैठका होत. पण पुढे रस्त्यावर उतरलेली माणसे याच खोल्यांत एकमेकांना भेटली होती. मोर्चाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते, खोलीतल्या बैठकीचे येत नाही. त्यामुळे प्राइडचा इतिहास एकेका दिवसाच्या चित्रांतून सांगितला जातो आणि उरलेले वर्ष निसटून जाते.

१२/ डिसेंबर १९९८मध्ये ‘फायर’ चित्रपटावरून मुंबईतील चित्रपटगृहांत तोडफोड झाली. दिल्लीत त्याविरुद्ध झालेल्या निदर्शनांत काही स्त्रियांनी आपण भारतीय आहोत आणि समलिंगीही आहोत, असे फलक उघडपणे धरले. पुढच्याच वर्षी, २ जुलै १९९९ रोजी, कोलकात्यात सुमारे १५ जणांची ‘फ्रेंडशिप वॉक’ निघाली. ती भारतातील पहिली प्राइड यात्रा मानली जाते. बरोबर दहा वर्षांनी, २ जुलै २००९ला, दिल्ली उच्च न्यायालयाने परस्परसंमतीने राहणाऱ्या प्रौढांना कलम ३७७मधून वगळले.

१३/ आता मुंबई. १६ ऑगस्ट २००८, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, ‘क्वीअर आझादी’ मोर्चा ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीकडे निघाला. मागण्यांत एक लक्षणीय मागणी होती : कलम ३७७ लादल्याबद्दल ब्रिटिश सरकारने माफी मागावी. समलैंगिकता पाश्चात्त्यांकडून आली, असा आरोप नेहमी होतो. मोर्चेकऱ्यांनी तो उलटवला आणि बाहेरून आला तो कायदा, असे सांगितले.

१४/ मैदानाची निवड योगायोगाने झालेली नव्हती. ८ ऑगस्ट १९४२ रोजी याच मैदानावर, तेव्हाच्या गोवालिया टँकवर, ‘छोडो भारत’ ठराव संमत झाला. ९ तारखेच्या पहाटे नेत्यांना अटक झाली आणि नेहरू, पटेल, आझाद यांच्यासह काँग्रेस कार्यकारिणीला अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिस्त केले गेले. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तेथेच लिहिले. नगरच्या किल्ल्याशी जोडलेल्या या मैदानाचा वारसा ६६ वर्षांनी एका नव्या समूहाने आपलाही म्हणून मागितला.

१५/ जगभर प्राइड जूनमध्ये असते, कारण न्यूयॉर्कमधील स्टोनवॉलचा उठाव २८ जून १९६९चा आणि पहिला स्मरणमोर्चा २८ जून १९७०चा. महाराष्ट्रात जून म्हणजे पेरणी, पाऊस आणि वारीची तयारी. मुंबईने आधी ऑगस्ट निवडला आणि नंतर जानेवारी-फेब्रुवारीचा कोरडा काळ. जागतिक उत्सव स्थानिक ऋतूशी आणि स्थानिक स्मृतीशी जुळवून घेतो तेव्हाच तो रुजतो, याचे हे उत्तम उदाहरण.

१६/ पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला. हेल्पलाइन, समुपदेशन, मराठी पुस्तके असे हे काम नऊ वर्षे चालल्यावर ११ डिसेंबर २०११ रोजी पुण्याची पहिली पदयात्रा निघाली. क्रम पाहा : आधी नऊ वर्षांचे काम, मग एक दिवसाची यात्रा. २०१६मध्ये नागपुरातही मोर्चा निघाला. तेथे ‘सारथी ट्रस्ट’ आधीपासून काम करीत होता.

१७/ पुण्याच्या त्या पहिल्या यात्रेला बरोबर दोन वर्षे झाली त्या दिवशी, ११ डिसेंबर २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला. २००९नंतर ज्यांनी घरी सांगितले होते, चेहरा न झाकता मोर्चात चालले होते, ते पुन्हा कायद्याच्या कक्षेत आले. तरीही मोर्चे थांबले नाहीत. अखेर ६ सप्टेंबर २०१८ला नवतेजसिंग जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात मिळाला नाही.

१८/ वर्षभराच्या कार्यक्रमांचे जाळेही वाढत गेले. २०१०मध्ये श्रीधर रंगायन यांनी मुंबईत ‘कशिश’ चित्रपट महोत्सव सुरू केला. पुण्यात ‘मूकनायक’ या नावाने साहित्य-कला महोत्सव झाला, डॉ. आंबेडकरांच्या १९२०च्या पाक्षिकाचे नाव घेण्यामागचा अर्थ सांगायला नको. २०२४च्या गणेशोत्सवात पुण्यात तृतीयपंथी व्यक्तींच्या ‘शिखंडी’ पथकाने ढोलताशा वाजवला. १८७१च्या कायद्याने याच समूहासाठी उघड्यावर वाद्य वाजवणे गुन्हा ठरवले होते, हे आठवले की त्या ठोक्याचा अर्थ बदलतो.

१९/ उत्सव आला की वादही आले. मोर्चात पोशाख कसा असावा, यावर पुण्यात जाहीर मतभेद झाले. कंपन्यांचे प्रायोजकत्व घ्यावे का, जात आणि वर्गाचे प्रश्न किती मांडावेत, यावर ठिकठिकाणी भांडणे आहेत. २०२०मध्ये मुंबईत पोलिसांनी ऑगस्ट क्रांती मैदानातून मोर्चा काढू दिला नाही. मेळावा आझाद मैदानात झाला आणि तेथील घोषणांवरून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. मोर्चा पुन्हा मूळ मैदानातून निघाला तो फेब्रुवारी २०२३मध्ये. रस्त्यावर येण्याचा हक्क एकदा मिळाला म्हणजे कायमचा मिळाला, असे होत नाही.

२०/ आणि जिल्ह्याचे काय? १५ एप्रिल २०१४च्या ‘नाल्सा’ निकालाने आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९च्या कायद्याने तृतीयपंथी ओळखीचे प्रमाणपत्र देण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवले. म्हणजे जे कलेक्टर कार्यालय कंपनीच्या काळात जुन्या हक्कांची चौकशी करीत होते, त्याच पदाच्या टेबलावर ही नोंद पुन्हा आली. एका दप्तरातून काढलेले नाव दुसऱ्या दप्तरात लिहायला सुमारे दीड शतक लागले.

२१/ परंतु प्रमाणपत्राने एकटेपण जात नाही. अकोले किंवा जामखेडच्या एखाद्या मुलाला अथवा मुलीला आपल्यासारख्यांना भेटायचे तर बहुधा पुण्या-मुंबईची एसटी पकडावी लागते आणि परतताना रंग पुसून बसावे लागते. मोठ्या शहरातील एका दिवसाने हा प्रवास संपत नाही. तालुक्याच्या ग्रंथालयातील दोन मराठी पुस्तके, महाविद्यालयातील एखादे व्याख्यान, विश्वासाचा एक दूरध्वनी क्रमांक यांनी तो थोडा कमी होतो. मुंबई-पुण्याचा इतिहासही हेच सांगतो की, वर्षभराचे काम आधी येते आणि यात्रा मागाहून.

२२/ मढीत पूर्वी यात्रेसोबत जातपंचायतीही भरत. आपल्या माणसांत येण्याचा आनंद तेथे होता आणि आपल्याच माणसांचा धाकही. प्राइडमध्ये लोक एकत्र येतात ते मुख्यतः अशा धाकापासून सुटका म्हणून. तरीही दोन्हींच्या मुळाशी एकच गरज आहे : वर्षातून एकदा तरी मोजणीत येण्याची, आपण किती आहोत हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची.

२३/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी येथे बरेच काम पडून आहे. इनाम चौकशीची कागदपत्रे पुन्हा वाचायची आहेत, तमाशा कलावंतांच्या आठवणी नोंदवायच्या आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांतील छोट्या गटांची पत्रके फेकली जाण्याआधी जपायची आहेत. तृतीयपंथी ज्येष्ठांच्या मौखिक इतिहासाला तर फार थोडा वेळ उरला आहे. मात्र नोंद करताना एक पथ्य पाळावे : ज्याने स्वतः सांगितलेले नाही, त्याचे नाव आपण सांगू नये. पोलिसांची नोंदवही आणि इतिहासकाराची वही यांत एवढा फरक तरी राहिलाच पाहिजे.

धागा येथे संपतो. आपल्या जिल्ह्यातील जत्रा, फड किंवा दप्तर यांविषयी काही ठाऊक असेल तर खाली जरूर लिहा.