मिस्त्रींचं गणित आणि कंसांची भाषा

नागापूरच्या एमआयडीसीत १९९२ साली मी ड्राफ्ट्समन म्हणून लागलो, तेव्हा ‘लिस्प’ हा शब्द मी ऐकलाही नव्हता. आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप लहान. नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, साखर कारखान्यांचा. सहकारी साखर कारखानदारीचा श्रीगणेशा इथंच, प्रवरानगरला, १९५० साली झालेला. त्यामुळं टाक्या, चुटं, पाइपांचे एल्बो अशी कामं आमच्याकडं बारमाही असत.

एल्बोसाठी पत्रा कापायचा, तर आधी त्यावर वाकडी रेघ आखावी लागते. आमचे मिस्त्री पाइपचा घेर बारा भागांत वाटत, प्रत्येक भागाची लांबी काढत आणि ठिपके जोडत. तीन तुकड्यांच्या काटकोनी एल्बोला छेद साडेबावीस अंशांचा, हे त्यांना तोंडपाठ. कागदावर मात्र काहीच नव्हतं.

वर्कशॉपमध्ये ऑटोकॅड आलं आणि त्याच्या पोटात मला ऑटोलिस्प सापडली. १९८६ पासून ती ऑटोकॅडमध्ये होती. एक्सलिस्प नावाच्या छोट्या, मोफत लिस्पवर बेतलेली. मिस्त्री सांगत गेले, मी लिहीत गेलो. तिच्यात टॅन नव्हता, म्हणून साइनला कोसाइननं भागायचं. एखादा कंस मिटायचा राहिला की पडद्यावर ‘१>’ उमटायचं. म्हणजे एक कंस उघडा आहे, शोधा! डॉसमध्ये तिला मिळणारी जागा जेमतेम चाळीस-पंचेचाळीस हजार बाइटांची. पण व्यास दिला की रेघ हजर. मिस्त्री म्हणाले, ‘‘आता मी नसलो तरी चालंल.’’

ही भाषा मुळात कारखान्यासाठी जन्मली नव्हती. अमेरिकेतल्या एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली तिची आखणी सुरू केली. आकड्यांइतक्याच सहजपणे चिन्हांच्या याद्या हाताळाव्यात, हा त्यांचा हेतू. त्यांचा प्रसिद्ध निबंध १९६० सालचा. कागदावरची त्यातली एक व्याख्या यंत्रावर सरळ चालवता येईल, हे स्टीव्ह रसेल यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती आयबीएम ७०४ वर उतरवली. पुढं लिस्पचा स्वभाव संवादाचा झाला. ओळ टाका, उत्तर घ्या, चुकलं तर तिथंच सुधारा. म्हणूनच लिस्प शिकताना भाषेइतकंच ती कुठल्या वातावरणात लिहायची, हेही महत्त्वाचं ठरतं.

ऐंशीच्या दशकात सिम्बॉलिक्ससारख्या कंपन्या खास लिस्पसाठी यंत्रं बनवत. किंमत हजारो डॉलर. आपल्याकडंही १९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं ज्ञानाधारित संगणक प्रणालींचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला आणि मुंबईचं एनसीएसटी त्याचं एक केंद्र होतं. पण साधे संगणक स्वस्त आणि वेगवान होत गेले, तशी १९८७ नंतर त्या महागड्या यंत्रांची बाजारपेठ कोसळली. यंत्रं गेली, भाषा राहिली. कॉमन लिस्पला १९९४ साली अमेरिकी प्रमाण संस्थेची मान्यता मिळाली. प्रमाण ठरलेलं असल्यानं एका ठिकाणी लिहिलेलं दुसरीकडं चालण्याची शक्यता वाढली.

याचं मोल मला निवृत्तीनंतर कळलं. वर्कशॉप केव्हाच बंद झालं होतं, मिस्त्री गेले होते. त्यांची फाइल मात्र माझ्यापाशी होती. पुतणी संगमनेरला इंजिनिअरिंगला. ती म्हणाली, ‘‘काका, मला दाखवा ना!’’ घरचा संगणक जुना आणि ऑटोकॅडसाठी आता दरवर्षी पैसे मोजायचे. मग निवड करायला बसलो.

तीन पर्याय समोर ठेवले. पहिला डॉक्टर रॅकेट. नवशिक्याला उत्तम, चूक कुठं झाली ते रंगवून दाखवतो. पण त्याची बोली वेगळी. दुसरा ईमॅक्सची स्वतःची लिस्प. हाताशी असते, मराठीही लिहिता येते; पण ती मुख्यतः त्या संपादकाची चाकरी करायला. तिसरा एसबीसीएल. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जुन्या लिस्पपासून १९९९ साली वेगळी निघालेली, मोफत, वेगवान आणि प्रमाण कॉमन लिस्प. तिला ईमॅक्स जोडलं, की कंसांची जोडी तोच दाखवतो.

मी तिसरा घेतला. बेरजा, साइन, याद्या जशाच्या तशा चालल्या. चित्र काढण्याच्या आज्ञा मात्र नाही. त्या ऑटोकॅडच्या मालकीच्या. मग फाइलीचे दोन भाग केले. गणित एकीकडं, चित्र दुसरीकडं. चित्रासाठी डीएक्सएफ ही साधी मजकुराची फाइल लिहवून घेतली आणि मोफत मिळणाऱ्या लिब्रेकॅडमध्ये उघडली.

वातावरण निवडताना लोक विचारतात, सोपं कुठलं? मी विचारतो, उद्या ते बंद पडलं तर माझं काम सोबत नेता येईल का? तीस वर्षांपूर्वी हे सुचलं असतं, तर गणित आणि चित्र मी तेव्हाच वेगळं ठेवलं असतं.

पुतणीनं ती रेघ कागदावर छापली, कापली आणि मोरीतल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याभोवती गुंडाळली. कडेला कड बरोबर भिडली. ‘‘कुणी शिकवलं हे तुम्हाला?’’ तिनं विचारलं. मग मी तिला मिस्त्रींबद्दल सांगायला बसलो.