वेबपी: एका कमांडमध्ये फोटो हलका, पण मूळ फोटो डिलीट करू नका

माउलींची पालखी फलटणला मुक्कामी आली की आम्हा गावकऱ्यांचे फोन फोटोंनी भरून जातात. आपले बरेच फोटो जेपेगमध्ये असतात. तो फॉरमॅट १९९२ चा. गुगलने २०१० मध्ये आणलेला वेबपी त्याच दर्जाला २५ ते ३४ टक्के कमी जागा घेतो, असं गुगल सांगतं. २०१९ चा एव्हीआयएफ बहुतेकदा आणखी लहान, पण तो बनवायला फोनला जास्त वेळ लागतो.

अँड्रॉइडवर टर्मक्सला स्टोरेजची परवानगी द्या आणि लिबवेबपी पॅकेज टाका. त्यातली कमांड म्हणजे सीवेबपी. तिला मूळ फाइलचं नाव, मग ‘डॅश ओ’ आणि नव्या फाइलचं नाव द्यायचं. क्वालिटी ‘डॅश क्यू’ने ठरते, काही दिलं नाही तर ७५ धरली जाते. शेअर करायला तेवढी पुरते.

सीवेबपी मेटाडेटा गाळून टाकते. लोकेशन जातं हे बरंच, पण तारीखही जाते आणि उभा फोटो आडवा दिसू शकतो. शिवाय गेलेले बारकावे परत येत नाहीत. म्हणून वेबपी पाठवायला, मूळ फोटो लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर जपायला. आजीचा रथासमोरचा फोटो उद्या फ्रेम करायचा म्हटलं, तर मूळच लागेल.