मुख्य शिडाची गुंडाळणी

मुख्य शिडाची गुंडाळणी ही शिडाच्या नौकेचे मुख्य शीड डोलकाठीच्या पोकळीत किंवा शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या दांड्यात (बूम) गुंडाळण्याची यंत्रणा होय. वारा वाढल्यास शिडाचा हवा तेवढाच भाग बाहेर ठेवता येतो. दोऱ्या सहसा सुकाणूपर्यंत आणलेल्या असल्याने हलत्या नौकेवर कोणालाही डोलकाठीपाशी जावे लागत नाही.

पार्श्वभूमी

मुंबई उपनगरांतील वेसावे, मढ, मनोरी व गोराई येथील कोळ्यांच्या शिडाच्या होड्यांवर शीड तिरक्या परबानाला बांधलेले असे. वारा आवरेनासा झाला की ते परबानासकट खाली घेत. इंजिने आल्यावर हे कसब मागे पडले. आधुनिक नौकांवर शिडाचा खालचा पट्टा टप्प्याटप्प्याने बूमला बांधण्याची पद्धत रूढ आहे. मुंबईहून निघून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे दिलीप दोंदे यांच्या ‘म्हादेई’चे मुख्य शीडही याच पद्धतीचे होते. थोडक्यात, माणसे कमी असली म्हणजे गुंडाळणी अनिवार्य ठरते असे नाही.

जुन्या नौकेवरील सुधारणा

डोलकाठीत गुंडाळणारी शिडे १९८० च्या दशकापासून पर्यटन-नौकांवर रुळली. त्यांत आडव्या ताठ पट्ट्या बसत नाहीत. त्यामुळे मागची कड आत वळलेली ठेवावी लागते व शिडाचे क्षेत्रफळ घटते. उभ्या पट्ट्यांमुळे हा तोटा बराच भरून निघतो, मात्र त्या डोलकाठीच्या फटीतून सुरळीत जातील एवढ्या बारीक हव्यात.

शीड अडकल्याचा दोष पुष्कळदा यंत्रणेला दिला जातो. प्रत्यक्षात कारण बहुधा जुने कापडच असते. ऊन व वाऱ्याने ताणलेल्या शिडाला पोट सुटते, गुंडाळताना घड्या पडतात आणि फटीत गुंडाळी घट्ट बसते. वादळी वाऱ्यात अर्धे बाहेर राहिलेले असे शीड आत जात नाही आणि खालीही उतरत नाही. या पद्धतीचा सर्वांत गंभीर धोका हाच. म्हणून यंत्रणा बदलण्यापूर्वी कमी ताणले जाणारे सपाट शीड शिवून घेणे, धारवे व फिरती कडी तपासणे आणि गुंडाळताना मागच्या टोकाच्या दोरीवर हलका ताण राखणे हे उपाय आधी करतात.

बूममध्ये गुंडाळणाऱ्या यंत्रणेत आडव्या पट्ट्या राहतात आणि बिघाड झाल्यास शीड नेहमीसारखे खाली घेता येते. तथापि बूम व डोलकाठी यांतील कोन जवळपास काटकोनी राखावा लागतो; तो चुकल्यास गुंडाळी एका बाजूला सरकते. त्यासाठी बूमला खालून ताठ आधार बसवावा लागतो. संपूर्ण डोलकाठी बदलण्याच्या तुलनेत हा पर्याय सहसा स्वस्त पडतो.

मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हौशी नौकानयन बंद असते. त्या काळात शीड उतरवून गोड्या पाण्याने धुतात व सुकवूनच ठेवतात, कारण डोलकाठीत ओले राहिलेले कापड बुरशी धरते.