सोबतीवाचून : आनंदीबाई आणि रमाबाई

भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम इ. स. १८६३ च्या अखेरीस हजयात्रेस निघाल्या, तेव्हा त्यांच्यासमवेत सुमारे हजार माणसांचा लवाजमा होता. तरीही त्यांच्या प्रवासवृत्तात मार्गावरील लुटारूंची व लोभी अधिकाऱ्यांची धास्ती जागोजाग दिसते. पुढे वीस वर्षांनी, त्यांची कन्या शाहजहान बेगम गादीवर असता, अठरा वर्षांची एक मराठी ब्राह्मण विवाहिता पतीवाचून समुद्रपार निघाली. ती आनंदीबाई जोशी.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले. तत्पूर्वी, २४ फेब्रुवारीस, बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले. एकटीच का जातेस, परमुलखी विपत्ती ओढवली तर काय, या लोकांच्या प्रश्नांना त्यात उत्तरे आहेत. परदेशी शिकू इच्छिणाऱ्या मुलीच्या घरी आजही हेच प्रश्न निघतात. भोपाळात आमच्या विद्यार्थिनींच्या पालकांकडून मी ते ऐकले आहेत. आनंदीबाईंचे उत्तर साधे होते : दोघांच्या प्रवासापुरता पैसा नाही, आणि पतीवर वृद्ध आई व धाकटी भावंडे यांचा भार आहे. परंतु या भाषणातील महत्त्वाची साक्ष निराळीच आहे. मुंबईत त्या शाळेस जात, तेव्हा येणारेजाणारे भोवती जमून हसत, ओट्यावर बसलेले प्रतिष्ठित गृहस्थ खडे मारीत, दुकानदार थुंकत व ओंगळ हावभाव करीत. परदेशातील धोक्याची काळजी वाहणाऱ्या समाजाने स्वतःच्या रस्त्यावर तिला असे वागविले होते. चरित्रकार त्यांच्या धैर्याचे गोडवे गातात, पण हे खडे मात्र घाईने ओलांडून जातात.

परदेशात खडे नव्हते. तेथील जाच सभ्य वेषात आला. कोल्हापूरचे माजी मिशनरी वाइल्डर यांच्याकडे पूर्वी साहाय्य मागितले असता ख्रिस्ती होण्याचा उपदेश मिळाला होता. जहाजावर सोबतीस मिशनरी स्त्रिया होत्या. त्यांचाही आग्रह तोच. ४ जून रोजी आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या. आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा अमेरिकेने केला होता. त्या वर्णद्वेषी देशात ही तरुणी निभावली, याचे एक कारण रोझेलच्या कार्पेंटरबाईंचे घर. वाइल्डरांनी छापलेला पत्रव्यवहार वाचून या बाईंनी धर्माची अट न घालता तिला आपलेसे केले होते. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात मात्र राहण्याची खोली थंड व धुराने भरणारी होती. १० ऑक्टोबर १८८५ च्या प्रसिद्ध छायाचित्रात त्या जपानच्या केइको ओकामी व सीरियाच्या साबात इस्लामबूली यांच्यासह आपापल्या देशी पोशाखात बसल्या आहेत. त्यात गौरव आहे, तसे परदेशी नमुने पाहण्याचे कुतूहलही आहे. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारीस, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला.

त्या पदवीदानास पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या होत्या. १८८३ मध्ये त्या इंग्लंडात पोहोचल्या, त्या विधवा, कडेवर लहान मुलगी, सोबत आनंदीबाई भगत. या सखीने वाँटेज येथे आत्महत्या केली. रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तरी संशय सुटला नाही. चेल्टनहॅमच्या प्राचार्या बील यांनी त्यांच्याकडून पुरुषांना भारतीय भाषा शिकविण्याचे मनात आणताच, मुंबई व लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली : त्यामुळे स्वदेशात त्यांचे वजन जाईल! भारतात पुरुषांच्या सभांत बोललेल्या विदुषीला आपल्या देशाची रीत या पाद्र्यांकडून शिकावी लागत होती. रमाबाईंनी ते निमूट ऐकले नाही. आपले हित कशात आहे ते आपणच ठरवू, असा त्यांच्या पत्रांचा सूर आहे.

१८८९ च्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या ग्रंथात त्यांनी अमेरिकन स्त्रियांच्या संस्थांची मनापासून स्तुती केली, आणि त्याच देशात काळ्या लोकांस व मूळच्या रहिवाशांस मिळणारी वागणूकही स्पष्ट लिहिली. स्वतःला मिळालेल्या आदरातिथ्यामुळे त्यांचे डोळे दिपले नाहीत. स्त्रीशिक्षणाच्या कैवाऱ्यांनी त्या ग्रंथातून महिला-मंडळांची वर्णने उचलली. वर्णद्वेषाची पाने बहुधा तशीच राहिली.