मालेगावची कॉमेडी : व्हिडिओ पार्लरमधून टीव्हीवर आणि तिथून तुमच्या मोबाइलवर

सावद्यात केळीच्या ट्रकजवळ बसलेला पोरगा असो की धुळ्याच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणारा प्रवासी, 'छोटू दादा'चा व्हिडिओ कधी ना कधी प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन गेलेला असतो. बुटका हिरो, गल्लीतली भांडणं, आणि अर्धी हिंदी, अर्धी उर्दू, मधूनच मराठी अशी भाषा. या व्हिडिओंवर 'खान्देशी' असा शिक्का असतो, पण ते बनतात मालेगावात. नकाशावर मालेगाव नाशिक जिल्ह्यात येतं. बोलण्याचालण्यात, बाजारहाटात मात्र ते खान्देशाला चिकटलेलं आहे.

या कॉमेडीची मुळं यूट्यूबच्या आधीची आहेत, आणि मध्ये ती एकदा टीव्हीवरही जाऊन आली.

गिरणा आणि मोसम या नद्यांच्या काठचं मालेगाव म्हणजे यंत्रमागाचं शहर. 1857 नंतर उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकरांनी इथे वस्ती केली, म्हणून इथल्या बोलण्यात उर्दू आहे, आणि आजूबाजूच्या मराठी-अहिराणीने त्या उर्दूला वेगळंच वळण दिलं आहे. मागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या, कानठळ्या बसवणारा खडखडाट आणि सुटी शुक्रवारी. नवा सिनेमाही शुक्रवारीच लागतो, त्यामुळे या शहराचं आणि थिएटरचं नातं घट्ट. ते कधी हाताबाहेरही जातं. नोव्हेंबर 2023 मध्ये इथल्या मोहन थिएटरात 'टायगर 3' चालू असताना प्रेक्षकांनी आतच फटाके फोडले होते.

अशा गावात नासिर शेख हा तरुण व्हिडिओ पार्लर चालवायचा. इंग्रजी सिनेमे लोकांना समजायचे नाहीत, म्हणून तो व्हीसीआरवर त्यांची काटछाट करून फक्त मारामाऱ्या आणि गमती दाखवायचा. संकलन म्हणजे काय, हे तो असं शिकला. कुठली फिल्म संस्था नाही की शिक्षक नाही. पुढे पायरसीविरोधातल्या कारवाया सुरू झाल्या आणि दुसऱ्यांचे सिनेमे दाखवणं अवघड झालं. तेव्हा त्याने ठरवलं की आता आपलाच सिनेमा काढायचा.

2000 साली आला 'मालेगाव के शोले'. खर्च साधारण 50 हजार रुपये. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचा, कलाकार यंत्रमाग कामगार आणि दुकानदार. गब्बरचा झाला 'रबर', बसंतीची 'बासमती'. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून डाकू सायकलवरून आले आणि रेल्वेच्या जागी बस लुटली गेली. नक्कल करताना जे जमलं नाही, त्याचाच विनोद झाला. 'शोले' प्रत्येकाला पाठ होता, त्यामुळे गंमत समजावून सांगायची गरजच पडली नाही. आपली गल्ली, आपला शेजारी पडद्यावर बघायला गर्दी लोटली.

मग पॅरडीची रांगच लागली. गावातल्या बायका पडद्यावर येणं शक्य नव्हतं, म्हणून नायिका बाहेरगावाहून आणाव्या लागत. क्रेन नव्हती, तर बैलगाडीचं जू वर उचलून त्यावर कॅमेरा धरायचा. ट्रॉलीचं काम सायकलने भागायचं.

यातला सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे 'मालेगाव का सुपरमॅन'. तो बनत असतानाच फैजा अहमद खान यांनी त्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला (2008). त्यात हिरव्या कापडासमोर आडवा होऊन 'उडणारा' शफीक दिसतो. काडीपैलवान, यंत्रमागावर काम करणारा. खलनायकाला घाण आवडते आणि शहरभर तंबाखूचा सुळसुळाट हवा असतो, सुपरमॅन त्याच्याशी लढतो. शूटिंगच्या मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो, तेव्हा बघणाऱ्याचंही काळीज हलतं, कारण दुसरा कॅमेरा नसतो. 2006 आणि 2008 च्या बॉम्बस्फोटांमुळे मालेगावचं नाव तेव्हा देशभर एकाच कारणासाठी घेतलं जात होतं. या माहितीपटामुळे लोकांना दुसरं मालेगाव दिसलं.

पडद्यावर तंबाखूशी लढलेल्या शफीकला पुढे तोंडाचा कर्करोग झाला. भारतातल्या थिएटरात माहितीपट लागला 2012 मध्ये. ते बघायला तो नव्हता.

माहितीपटानंतर टीव्हीची नजर इकडे वळली. सब टीव्हीवर 'मालेगाव का चिंटू' ही मालिका आली, दिग्दर्शक नासिर शेखच. छोट्या शहरातला एक भोळा माणूस, तो करायला जातो एक आणि होतं भलतंच, असा साधा साचा. भर बोलण्यापेक्षा हालचालींवर, मिस्टर बीनच्या वळणाचा. सब टीव्ही तेव्हा घरात सगळ्यांनी मिळून बघायच्या हलक्याफुलक्या मालिकांचं चॅनल होतं, त्यामुळे ही निवड समजण्यासारखी आहे. देशभरच्या प्रेक्षकाला मालेगावची बोली कशी कळणार? पण मालेगावच्या सिनेमातली निम्मी मजा त्या बोलीतच होती. चिंटू नावाने मालेगावचा राहिला. त्याच्या जागी दुसऱ्या कुठल्या गावचा चिंटू असता, तरी फारसा फरक पडला नसता. मालिका टीव्हीवर मोठी झाली नाही, पण व्हिडिओ पार्लरमध्ये शिकलेला माणूस राष्ट्रीय चॅनलवर दिग्दर्शक म्हणून पोहोचला, ही गोष्ट लहान नव्हती.

ती बोली परत आणली मोबाइलने. सीडीचा धंदा बसला, पार्लर ओस पडली आणि मालेगावचे कलाकार यूट्यूबकडे वळले. तिथे भाषा 'सुधारायला' सांगणारं कुणी नव्हतं. आणि गंमत बघा, टीव्हीला जी बोली अडचणीची वाटली असती, तिच्याच व्हिडिओंना कोट्यवधी प्रेक्षक मिळाले.

नासिर आणि त्याच्या मित्रांची गोष्ट आता मोठ्या पडद्यावरही आली आहे. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' सप्टेंबर 2024 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि 28 फेब्रुवारी 2025 ला थिएटरात लागला. लेखन वरुण ग्रोव्हर यांचं. आदर्श गौरव नासिरच्या भूमिकेत आहे आणि शशांक अरोरा शफीकच्या. मूळ 'सुपरमॅन' कसा बनला, हे बघायचं असेल तर फैजा खान यांचा माहितीपट आधी बघा. सायकलची ट्रॉली आणि पाण्यात पडलेला कॅमेरा, दोन्ही त्यात खरेखुरे आहेत.