नियंत्रण पुरवठा, २४ व्होल्ट डीसी

कारखान्यातील तीन फेजच्या मेन्सवरून पीएलसी, रिले, सेन्सर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह यांच्यासाठी घेतलेला कमी दाबाचा एकदिश पुरवठा. भारतात तीन फेज मोटारींच्या नेमप्लेटवर बहुधा ४१५ व्होल्ट हा आकडा असतो. अमेरिकेत ४८० आणि कॅनडात ६०० व्होल्टही आढळतात. पॅनेलच्या आतील नियंत्रण मात्र आज बहुतेक ठिकाणी २४ व्होल्ट डीसीवर चालते. हा पुरवठा शोधताना दाब किती पटीने उतरवायचा याचाच विचार आधी होतो, पण तो कामाचा सोपा भाग आहे. मेन्स आणि नियंत्रण यांच्यात भरवशाचे विलगन ठेवणे आणि नेमप्लेटवरच्या आकड्याच्या कितीतरी वर जाणारा क्षणिक दाब सोसणे, ही खरी अवघड कामे. पुरवठ्याची निवड याच दोन कसोट्यांवर व्हायला हवी. किंमत आणि आकार त्यानंतर.

दाब उतरवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे वाटेत रोध किंवा कपॅसिटर घालणे. २४ व्होल्टला १ अँपिअर, म्हणजे २४ वॅटचा भार ४१५ व्होल्टवरून रोधातून चालवला, तर उरलेले सुमारे ३९० व्होल्ट रोधावर पडतात आणि जवळजवळ ३९० वॅट उष्णता पॅनेलमध्ये साठत राहते. कपॅसिटरमध्ये ही उष्णता होत नाही. ५० हर्ट्झला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४१५ व्होल्टवर साधारण १३० मिलिअँपिअर देतो. एखाद्या दर्शक दिव्याला तो भरपूर झाला. ५ अँपिअरसाठी मात्र त्याच हिशेबाने ३८ मायक्रोफॅरड लागतील. तेवढे बसवले तरी मूळ दोष राहतोच, कारण दोन्ही रचनांत विलगन नाही. दोन टर्मिनलांमध्ये मीटर २४ व्होल्ट दाखवील, पण तीच टर्मिनले जमिनीच्या तुलनेत फेजच्या दाबावर असू शकतात. सेन्सरची केबल घासून उघडी पडली, की ती हाताळणाऱ्याच्या अंगातून मेन्सचा प्रवाह जातो. वीजमीटरमध्ये कपॅसिटरची हीच युक्ती वापरली जाते, मग येथे का नको, असे कोणी विचारील. मीटरचे मंडल बंद, विलगित डब्यात असते आणि त्यातून हात लागेल अशी तार बाहेर येत नाही. नियंत्रण पुरवठ्याच्या तारा मात्र मशीनभर फिरतात, लिमिट स्विचपर्यंत जातात आणि देखभाल करणारा माणूस त्या चालू स्थितीतही हाताळतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३० ते २४० व्होल्ट मिळत असताना ८५ ते २६४ व्होल्टवर चालणारा साधा एसएमपीएस का लावू नये? न्यूट्रल पक्का असेल तर ते चूक नाही. लहान पॅनेलला तो सरळ आणि योग्य मार्ग आहे. पण मोटारीला न्यूट्रल लागत नसल्याने पुष्कळ मशीनपर्यंत तीन फेज आणि अर्थ एवढ्याच तारा आलेल्या असतात. अशा वेळी अर्थलाच न्यूट्रल समजून जोडणी करण्याचा मोह होतो आणि त्याइतका घातक उपाय दुसरा नाही. अर्थच्या तारेतून कायम प्रवाह वाहतो, आणि ती तार कधी तुटली तर एसएमपीएसच्या इनपुटमधून फेजचा दाब मशीनच्या संपूर्ण सांगाड्यावर येऊ शकतो. न्यूट्रल आलेला असला तरी तो सैल होऊ शकतो. मग फेजांवरील भार असमान असल्यास कमी भाराच्या फेजवरचा दाब चढत जातो आणि वाईटात वाईट स्थितीत ४१५ व्होल्टच्या जवळ पोहोचतो. या दाबाचे शिखर ५८७ व्होल्ट होते. साध्या एसएमपीएसमधला मुख्य कपॅसिटर ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो आणि त्याच्या तोंडाशी बऱ्याचदा २७५ व्होल्टचा व्हेरिस्टर बसवलेला असतो. तो क्षणिक लाट शोषण्यासाठी असतो. सतत चढलेल्या दाबाखाली तो तापून जळतो.

म्हणून जेथे न्यूट्रल नाही किंवा त्याचा भरवसा नाही, तेथे पुरवठा दोन फेजांमधून किंवा तिन्ही फेजांवरून घ्यावा. त्यासाठी थेट चालणारे एसएमपीएस मिळतात. त्यांचा इनपुट पट्टा अनेकदा साधारण ३२० ते ५७५ व्होल्ट असतो. ते महाग का, हे त्यांच्या आतील दाब पाहिला की कळते. ४१५ व्होल्टमध्ये १० टक्के वाढ धरली तर रेक्टिफायरनंतर ६४५ व्होल्ट होतात. फ्लायबॅक रचनेत स्विचिंग ट्रान्झिस्टरवर त्याशिवाय ट्रान्सफॉर्मरचा परावर्तित दाब आणि गळती इंडक्टन्सचा टोकदार झटकाही पडतो, त्यामुळे ८०० व्होल्टचा ट्रान्झिस्टर अपुरा ठरतो. म्हणून १५०० व्होल्टचे सिलिकॉन किंवा १७०० व्होल्टचे सिलिकॉन कार्बाइड मॉसफेट वापरतात. कपॅसिटर दोन-दोन मालिकेत जोडावे लागतात आणि त्यांच्यातील दाब सारखा राहावा म्हणून समांतर रोध द्यावे लागतात. हा झाला सतत दाबाचा हिशेब. लाटेचा हिशेब वेगळाच आहे: २३०/४०० व्होल्टच्या जाळ्यावर कायम जोडलेल्या औद्योगिक उपकरणाने, म्हणजे अतिदाब वर्ग ३ मध्ये, ४ किलोव्होल्टचा आवेग सोसावा अशी आंतरराष्ट्रीय मानकांची अपेक्षा आहे. वर्ग २ मधल्या, घरगुती प्लगवर चालणाऱ्या उपकरणाला २.५ किलोव्होल्ट पुरतात. कमी किमतीच्या एसएमपीएसवर नुसते ‘इनपुट ४८० व्होल्टपर्यंत’ असे छापलेले असेल आणि आवेगाचा आकडा नसेल, तर खरेदीदाराने तेथेच थांबावे.

दुसरा मार्ग जुना आहे आणि तो सोडून देण्याचे कारण नाही: ४१५/२३० व्होल्टचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या पुढे साधा एसएमपीएस. ट्रान्सफॉर्मर जड असतो, जागा खातो, चालू करताना मोठा प्रवाह ओढतो, हे आक्षेप खरे आहेत. पण दोन वाइंडिंगमधले इन्सुलेशन विलगन देते, न्यूट्रलची गरज उरत नाही, आणि पुढचा एसएमपीएस बिघडला तर तो तालुक्याच्या गावीही मिळू शकतो. क्षमता ठरवताना मात्र वॅट पाहून फसू नये. २४ व्होल्ट, ५ अँपिअर म्हणजे १२० वॅट. ९० टक्के कार्यक्षमता धरली तर इनपुटला १३३ वॅट. पॉवर फॅक्टर सुधारणा नसलेला लहान एसएमपीएस टोकदार प्रवाह ओढतो आणि त्याचा पॉवर फॅक्टर ०.६ च्या आसपास असतो, म्हणून मागणी सुमारे २२० व्हीए होते. येथे १५० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर तापणारच; २५० व्हीएचा घ्यावा. काही अँपिअरपर्यंत, आणि सुटा भाग लवकर मिळणे महत्त्वाचे असेल तेथे, ही जोडीच सरस. २० अँपिअरच्या पुढे तीन फेज एसएमपीएस उजवा ठरतो: रेक्टिफायरनंतरचा रिपल ३०० हर्ट्झचा असल्याने कपॅसिटर लहान लागतो आणि भार तिन्ही फेजांवर वाटला जातो. असे अनेक पुरवठे एक फेज गेली तरी कमी भारावर चालू राहतात. हा गुण म्हणून सांगितला जातो, पण त्यात एक धोका दडलेला आहे. नियंत्रण जिवंत राहिल्याने कॉन्टॅक्टर सुटत नाही, मोटार दोन फेजांवर घुमत राहते आणि ओव्हरलोड रिलेने वेळीच तोडले नाही तर जळते. अशा पॅनेलमध्ये फेज फेल्युअर रिले वेगळा लावलाच पाहिजे.

इनपुटचे संरक्षण जोडलेल्या प्रत्येक फेजवर हवे. २५० व्होल्ट लिहिलेला काचेचा फ्यूज ४१५ व्होल्टवर वितळला तरी आतला आर्क विझेलच असे नाही. आउटपुटला उलटी अडचण येते: शॉर्ट झाल्यावर एसएमपीएस स्वतःच प्रवाह रोखून धरतो, त्यामुळे पुढची एमसीबी पडत नाही आणि एका शाखेच्या दोषाने सगळे नियंत्रण बसते. म्हणून शाखांना इलेक्ट्रॉनिक संरक्षण द्यावे किंवा एमसीबी पाडण्याइतका प्रवाह क्षणभर देणारा पुरवठा घ्यावा. २४ व्होल्टची ऋण बाजू एका ठिकाणी अर्थला जोडावी. ‘विलगन केल्यावर पुन्हा अर्थ कशाला?’ हा प्रश्न रास्त वाटतो. पण तरंगत्या पुरवठ्यात पहिला अर्थ दोष लक्षातच येत नाही, आणि दुसरा दोष स्टॉप बटणाला वळसा घालून मशीन चालू ठेवू शकतो. ऋण बाजू अर्थला असेल तर धन तारेवरच्या पहिल्याच दोषाला संरक्षण उडते.

मेन्सवरून घेतलेला कोणताही पुरवठा मेन्सबरोबर जातो. एसएमपीएसमधला कपॅसिटर पूर्ण भारावर साधारण २० मिलिसेकंद, म्हणजे एक आवर्तन तगतो. मोठी मोटार थेट चालू करताना ती पूर्ण भाराच्या सहा-सात पट प्रवाह ओढते आणि दाब क्षणभर बसतो. नियमित एसएमपीएस त्यातून सहसा निभावतो. साध्या ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायरचे २४ व्होल्ट मात्र त्याच प्रमाणात खाली येतात, आणि पीएलसीला २०.४ ते २८.८ व्होल्टच्या आतच राहावे लागते. पीएलसीची स्मृती किंवा ड्राइव्हचे नियंत्रण मेन्स गेल्यावरही जागे हवे असेल, तर २४ व्होल्टच्या बाजूलाच बॅटरीचा डीसी यूपीएस बसवतात. उपकेंद्रात हा विचार आणखी पुढे जातो. तेथे ब्रेकर पाडायचा असतो तो नेमका दोषाने मेन्सचा दाब कोसळलेला असताना, म्हणून ट्रिप कॉइलला ११० किंवा २२० व्होल्टची स्टेशन बॅटरी असते आणि मेन्सकडे ती बॅटरी भारित ठेवण्याचे काम उरते.