पृथ्वीचें वय आणि यहुदी परंपरा

यहुदी लोकांचा शक जगाच्या उत्पत्तीपासून मोजला जातो. इ. स. २०२४ च्या शरद् ऋतूंत त्यांचें ५७८५ वें वर्ष लागलें. हा आंकडा आकाशांतील ग्रहांवरून निघालेला नव्हे. दुसऱ्या शतकांतील रब्बी योसे बेन हलाफ्ता यांच्या नांवावर चालत आलेल्या ‘सेदेर ओलाम’ या ग्रंथांत पवित्र शास्त्रांतील वंशावळी आणि राजांच्या कारकीर्दी यांची बेरीज केलेली आहे. प्रचलित गणना मुख्यत्वें त्या बेरजेवर उभी आहे. विवाहाच्या करारपत्रावर, म्हणजे केतुब्यावर, हाच शक घालतात. कोंकणांतून आलेल्या आपल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल मंडळींच्या लग्नांतहि केतुबा वाचला जातो.

उलटपक्षीं, क्लेअर पॅटर्सन यांनीं इ. स. १९५६ मध्यें अशनींतील शिशाच्या प्रमाणावरून पृथ्वीचें वय सुमारें ४५५ कोटि वर्षें ठरविलें, आणि तें त्यानंतर फारसें हललेलें नाहीं. या दोन आंकड्यांची सांगड कशी घालावयाची? शब्बाथाचें बरेंचसें महत्त्व सहा दिवसांच्या सृष्टिरचनेवर आधारलेलें असल्यामुळें धर्मनिष्ठ यहुद्यास हा प्रश्न केवळ गणिताचा राहात नाहीं.

या प्रश्नास फार लवकर आणि फार आनंदानें सामोरा गेलेला एक मनुष्य म्हणजे दांत्सिग शहराचे रब्बी इस्राएल लिप्शित्झ (१७८२-१८६०). इ. स. १८४२ मध्यें वल्हांडण सणाच्या दिवसांत त्यांनीं आत्म्याचें अमरत्व आणि मृतांचें पुनरुत्थान या विषयावर प्रवचन केलें. योगायोग असा कीं, रिचर्ड ओवेन यांनीं ‘डायनोसॉर’ हा शब्द घडविला तोहि त्याच वर्षीं! सैबेरियाच्या बर्फांत सांपडलेला मॅमथ, क्युव्हिए या फ्रेंच पंडिताचें संशोधन, इग्वानोडॉनसारख्या अजस्र प्राण्यांचे अवशेष, हें सर्व त्या रब्बींच्या कानावर आलेलें होतें. दुसरा एखादा हीं हाडें पाहून दचकला असता. यांना हर्ष झाला. आपल्या पूर्वजांनीं गुप्तपणें सांगितलेलें पृथ्वीच्या पोटांतूनच वर आलें, असें त्यांना वाटलें.

पूर्वजांनीं काय सांगितलें होतें? या जगापूर्वीं ईश्वरानें अनेक जगें निर्माण करून मोडलीं, असें एक वचन जुन्या मिद्राशांत आहे. कब्बाला या गूढविद्येच्या कांहीं आचार्यांनीं त्याचा पुढें विस्तार केला. सहा वर्षें शेत पिकवून सातवें पडीत ठेवावें, हा शास्त्राचा नियम. तसेंच जगहि सात सात हजार वर्षांच्या आवर्तनांनीं चालतें, असें त्यांचें मत. मग ५७८५ हा आंकडा चालू आवर्तनाचा, आदामापासूनचा; त्यामागील खडकांचा त्यांत हिशेबच नाहीं.

युक्ति सुंदर खरी, पण पुरी पडत नाहीं. सातहि आवर्तनें जमेस धरलीं तरी ४९,००० वर्षेंच होतात. विसाव्या शतकांत आर्येह कप्लान या अमेरिकन रब्बींनीं अक्को गांवच्या जुन्या इसहाक नामक आचार्याच्या हस्तलिखिताचा आधार घेऊन ही तूट भरून काढली. ईश्वराचा एक दिवस म्हणजे आपलीं हजार वर्षें. या मानानें ४२,००० वर्षांचीं १५३४ कोटि झालीं. विश्वाचें वय शास्त्रज्ञ सुमारें १३८० कोटि मानतात, तेव्हां पुष्कळांनीं आश्चर्यानें तोंडांत बोट घातलें. मला मात्र हा गुणाकार पटत नाहीं. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटि वर्षांचा. एवढ्यावरून आपल्या पुराणकारांस भूगर्भशास्त्र येत होतें असें म्हणणारे आपल्याकडेहि थोडे नाहींत. आंकडे शेजारीं येऊन बसले म्हणजे त्यांचें नातें जुळलें असें होत नाहीं. शिवाय सफेद येथील थोर आचार्य इसहाक लूरिया (१५३४-१५७२) यांनीं आवर्तनांचा हा सिद्धांतच अमान्य केला होता.

मला अधिक भक्कम वाटतो तो मायमोनिदीस यांचा मार्ग. बाराव्या शतकाच्या अखेरीच्या आपल्या ‘मोरे नेवुखीम’ ग्रंथांत ते म्हणतात कीं, जग अनादि आहे असें प्रमाणानें सिद्ध झालें असतें, तर शास्त्रवचनांचा लाक्षणिक अर्थ लावणें आपणांस अवघड नव्हतें. परंतु तें सिद्ध झालेलें नाहीं. येथें आंकड्यांची ओढाताण नाहीं, प्रमाणाची वाट पाहणें आहे.

आणि तरीहि वाद मिटला नाहीं. इ. स. २००४-०५ मध्यें नातान स्लिफ्किन या सनातनी रब्बींच्या पुस्तकांवर इस्राएल आणि अमेरिका येथील नामांकित धर्मगुरूंनीं बंदी घातली. जग कोट्यवधि वर्षांचें आहे हें त्यांनीं मान्य केलें, हा आक्षेपांपैकीं एक. लिप्शित्झ यांचें प्रवचन मात्र त्यांच्या टीकेसह छापलेल्या मिश्नाच्या आवृत्त्यांत नेझिकीन खंडांत आजहि सांपडतें, आणि ते खंड पाठशाळांतून विद्यार्थी रोज हाताळीत असतात.